वाचून झाल्यावर पुस्तक कुठं जाणार? पुण्यात नव्यानं आलेल्या वाचकांसाठी

दर जूनमध्ये आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन-तीन घरांत नवे भाडेकरू येतात. कुणी लातूरहून, कुणी अकोल्याहून, नोकरीला नाहीतर शिकायला. महिनाभरात त्यांना कळतं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुस्तकांची भिशी चालवतात, म्हणजे सगळ्यांनी पैसे काढून पुस्तकं घ्यायची आणि आपसात फिरवायची. मग लिफ्टमध्ये ठरलेला प्रश्न येतो : ‘काकू, किंडल घेऊ की पुस्तकंच घेत जाऊ?’ किंडल म्हणजे अॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र.

मी उलट विचारते, ‘वाचून झाल्यावर त्या पुस्तकाचं काय करणार आहेस?’

पोरं गोंधळतात, पण माझ्या मते सगळी निवड याच प्रश्नावर आहे. डोळ्यांना त्रास, कागदाचा वास, बॅटरी हे विषय नंतरचे. जे वाचून कुणाच्या तरी हातात ठेवायचं आहे ते कागदावर घ्यावं. जे आपल्यापुरतं आहे ते पडद्यावर चालतं. लिफ्टमध्ये एवढंच सांगून होतं, तळमजला येतो. बाकीचं इथं सांगते, करायच्या क्रमानं.

पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका

पुण्यात आल्या आल्या अप्पा बळवंत चौकात जाऊन पिशवीभर पुस्तकं आणायचा मोह होतो. थांबा. तुमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे. अडीचशे पानांचं मराठी पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे शंभर पुस्तकांचे पंचवीस-तीस किलो झाले. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ते खोकं उतरवताना टेम्पोवाला तुमच्याकडे कसा बघतो हे एकदा अनुभवलं की पुस्तकप्रेम जरा शिस्तीत येतं.

त्याऐवजी वाचनालयात नाव घाला. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. याशिवाय बहुतेक उपनगरांत एखादं तरी छोटं वाचनालय असतं. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, त्याला ठाऊक असतं. जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो न्या. भाडेकरार पुरावा म्हणून चालतो का ते आधी फोनवर विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडत नाही. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी वेगवेगळी असते. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. म्हणून पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांनी बदलावी लागतात आणि दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी आहे का, हे तीन प्रश्न तिथंच विचारा.

या दोन महिन्यांत एक छोटी वही करा. काय आणलं, किती वाचलं, कुठं सोडलं, एवढंच लिहायचं. बहुतेकांना वाटतं आपण महिन्याला चार पुस्तकं वाचतो. वही निघते दीड पुस्तकाची. लाजायचं कारण नाही, पण दीड पुस्तकासाठी हजारोंचं यंत्र घ्यायचं का, याचा विचार करायला ती वही कामी येते.

यंत्र घेण्याआधी फोनवर दोन मराठी पुस्तकं वाचून पाहा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुकानातला माणूस हे सांगत नाही.

किंडल अमेरिकेत २००७ साली आलं, भारतात २०१२ साली, आणि त्यावर मराठी पुस्तकं रीतसर विकायला सुरुवात झाली २०१६च्या अखेरीला. म्हणजे इंग्रजी वाचकाला जी गोष्ट मुरलेली मिळते ती मराठी वाचकाला अजून अर्धीकच्ची मिळते. कारण तांत्रिक आहे, पण सोपं आहे. आपली कित्येक वर्षांची मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करून छापली गेली. श्रीलिपी आपल्या पुण्यातच तयार झालेली. त्या जुन्या पद्धतीत संगणकाला ‘क’ म्हणजे क आहे हे ठाऊकच नसतं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो, एवढंच. छापायला ते उत्तम. पण ई-पुस्तक करायचं तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःची ओळख असलेल्या पद्धतीत, फिरवावा लागतो, आणि फिरवताना जोडाक्षरं, अनुस्वार, रफार यांची मोडतोड होते. नंतर कुणी तरी मुद्रितशोधन करायला हवं. ते ज्या प्रकाशकानं केलं त्याचं ई-पुस्तक सुरेख असतं, ज्यानं नाही केलं त्याचं तुमच्या नशिबी येतं.

पारखायची युक्ती सांगते. कोणत्याही ई-पुस्तकाची पहिली काही पानं नमुना म्हणून फुकट मिळतात. ती फोनवरच्या मोफत अॅपमध्ये उतरवा आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द शोधा. कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, दऱ्या. हे अर्धं र फिरवताना सगळ्यात आधी बिघडतं. मी वाचलेल्या एका कादंबरीत नायक दोन प्रकरणं ‘दर्याखोर्यांत’ हिंडत होता. सह्याद्रीतला माणूस दर्यात कसा पोचला हे कळायला मला चार पानं लागली. पहिल्या दहा पानांत असे तीन शब्द दिसले तर ते पुस्तक कागदावरच घ्या.

दुसरी परीक्षा पीडीएफची. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा ठरलेला साचा. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचणारा डावी-उजवीकडे मान हलवत बसतो. ईपब नावाच्या प्रकारात मजकूर पाण्यासारखा असतो, पडद्याच्या आकाराप्रमाणे पसरतो. जुनी मराठी पुस्तकं बरीचशी स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात, म्हणजे पानांचे चक्क फोटो. सहा इंची यंत्रावर ती वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. तुमचं वाचन मुख्यतः अशा जुन्या ग्रंथांचं असेल तर छोटं यंत्र घेऊच नका. मोठ्या पडद्याचा टॅब्लेट घ्या नाहीतर ग्रंथालयात जाऊन बसा.

फुकट आणि रीतसर काय मिळतं? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. ह. ना. आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ साली गेले, सानेगुरुजी १९५० साली. म्हणजे सानेगुरुजींचं लेखनही २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. मराठी विकिस्रोतावर असं जुनं साहित्य युनिकोडमध्ये मिळतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. चाचणीची दोन पुस्तकं इथूनच घ्या, पैसे घालवू नका.

यंत्र घ्यायचंच ठरलं तर

टॅब्लेट आणि ई-वाचक यंत्र या दोन वेगळ्या चिजा आहेत. टॅब्लेटचा पडदा मागून उजेड फेकतो. ई-वाचकाच्या पडद्यात बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर काळे वर आले की अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती पान उलटताना. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे जाते आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बसूनही अक्षर स्पष्ट दिसतं. रात्री वाचायला जो उजेड असतो तो कडेच्या दिव्यांचा, पानावर पडणारा. डोळ्यांत शिरणारा नाही.

खरेदी करताना तीन गोष्टी बघा. पडद्याची दाट छपाई, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. देवनागरीतले रफार आणि मात्रा त्याखाली पुसट होतात. आकार सहा इंचांपेक्षा सात इंच बरा, कारण मराठी अक्षर थोडं मोठं ठेवावं लागतं आणि मग ओळीत चारच शब्द मावतात. उजेड पिवळसर करायची सोय असली तर उत्तम. साठवण किती आहे याची चिंता सोडा, सगळ्यात कमी साठवणीतही तुमच्या आयुष्याला पुरतील एवढी पुस्तकं बसतात. रंगीत पडद्याच्या नादी लागू नका, कादंबरीला रंग कशाला?

जुनं यंत्र घेत असाल तर आधीच्या मालकाचं खातं त्यातून काढलंय का ते त्याच्यासमोर तपासा, आणि पूर्ण पांढरं व पूर्ण काळं पान आणून पडद्यावर रेघ आहे का बघा. कव्हर त्याच दिवशी घ्या. माझं पहिलं यंत्र सॅकमध्ये स्टीलच्या डब्याखाली आलं आणि पडद्यावर कोळ्याचं जाळं उमटलं. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी ते माळ्यावर टाकलं. डबा अजून वापरात आहे.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. ई-पुस्तक ‘विकत घ्या’ असं बटण असलं तरी तुम्हाला मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ साली अॅमेझॉननं एका गाजलेल्या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, माफी मागितली, पण पुस्तक तुमच्या कपाटात नव्हतं हे त्या दिवशी जगाला कळलं. आणि ते पुस्तक शेजारच्या जोशीकाकांना चार दिवस देता येत नाही. द्यायचं तर अख्खं यंत्रच द्यावं लागतं, आणि यंत्र दिलं की आपण काय वाचायचं?

मग कशावर काय वाचावं?

हे माझं मत आहे, भांडायला मोकळीक आहे. जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या, प्रवासातलं वाचन, एकदाच वाचायच्या रहस्यकथा, परीक्षेचं इंग्रजी अवांतर हे सगळं यंत्रावर. कविता कागदावर, कारण अक्षर मोठं केलं की यंत्र ओळ कुठंही मोडतं आणि कवीनं मोडलेली ओळ कुठली ते कळत नाही. नाटकंही कागदावर. पाककृतींची पुस्तकं तर नक्कीच; फोडणीच्या हातानं पडदा उघडत नाही आणि हळदीचा डाग पडलेलं पान पुढच्या वेळी आपोआप सापडतं. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं कागदावरच.

वयस्कर माणसांची गोष्ट वेगळी. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बारीक टायपाची जुनी पुस्तकं तिला झेपेनात. यंत्रावर अक्षर बोटाएवढं करून दिलं आणि तिनं तीन महिन्यांत माझ्यापेक्षा जास्त वाचलं. ते हलकंही असतं, साधारण दोनशे ग्रॅम, पडून वाचताना मनगट दुखत नाही. घरी कुणी असं असेल तर माझा भिशीचा युक्तिवाद बाजूला ठेवा आणि यंत्र घ्या.

कागदावरचं घेताना

मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत अप्पा बळवंत चौक गाठा. शाळा-कॉलेजं उघडतात त्या दिवसांत जाऊ नका, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत तुम्हाला कुणी विचारणार नाही. पुस्तक हातात घेतलं की मधोमध उघडून कणा बघा. दोरा दिसला तर शिलाई आहे, ते दहा हातांतून फिरलं तरी टिकेल. नुसता गोंद असेल तर चौथ्या वाचकाकडे पानं सुटी होतात. देवघेवीसाठी घ्यायच्या पुस्तकाला हा निकष मुखपृष्ठापेक्षा मोठा. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. एरवी न दिसणारे छोटे प्रकाशक तिथं भेटतात. रस्त्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली निम्म्या किमतीची इंग्रजी पुस्तकं मात्र बहुधा चोरछपाईची असतात. आत पानं उलटीसुलटी लागलेली निघाली तर तक्रार कुणाकडे करणार?

पुस्तक उसनं देण्याची शिस्त

जुन्या पोथ्यांच्या शेवटी एक श्लोक लिहिलेला असायचा :

तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्।
मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम्॥

तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असं पुस्तकच सांगतंय. पहिल्या तिन्हींची व्यवस्था होते. चौथ्यासाठी वही लागते.

वहीत नोंद आपण नाही करायची, नेणाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात करायची. पुस्तक, तारीख, कधी परत. स्वतः लिहिलेली तारीख माणसाला आठवते. शिवाय पुस्तक हातात धरलेला त्याचा एक फोटो काढून त्यालाच पाठवा; महिन्यानंतर ‘माझ्याकडे नाही हो’ म्हणायची सोय राहत नाही. नाव पहिल्या पानावर लिहाच, पण आतही एक पान ठरवून ठेवा. वाचनालयं ठरावीक पानावर शिक्का मारतात ते उगाच नाही. आमच्या वडिलांची सही प्रत्येक पुस्तकात पान ३७ वर असायची. एका लग्नघरी दुसऱ्याच्या कपाटात त्यांनी आपलं पुस्तक पान ३७ उघडून ओळखलं होतं. तिथं काही बोलले नाहीत. निघताना फक्त काखेत घेऊन आले.

खाकी कव्हर घाला. आणि जे पुस्तक हरवलं तर तुम्हाला झोप लागणार नाही ते देऊच नका. ‘ते वाचतेय अजून’ असं म्हटलं तर पाप लागत नाही.

भिशी लावा

सहा ते आठ जण जमवा. त्याहून जास्त झाले की पुस्तक परत येईपर्यंत फार दिवस जातात. आमच्यात आठ जण आहोत आणि प्रत्येकी महिन्याला ३०० रुपये काढतो, म्हणजे २४०० जमतात. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्यानं त्या पैशातून आपल्या आवडीची पुस्तकं आणायची, दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही. मग ती ठरलेल्या क्रमानं फिरतात, एकाकडे पंधरा दिवस. शेवटी निवडणाऱ्याच्या घरी जातात. भाड्यानं राहणाऱ्या पोरांना ही सोय फार मानवते. आठ घरांतली पुस्तकं वाचायला मिळतात आणि खोकं एकाच घराचं भरतं.

दिवाळीत वेगळी फेरी होते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाला अंक लागतो, पण आता आठ अंक एकट्यानं घ्यायचे तर खिसा हलका होतो. प्रत्येकानं वेगळा एक घ्यायचा आणि दहा-दहा दिवसांनी पुढे सरकवायचा. ऐंशी दिवसांत, साधारण संक्रांत उलटेपर्यंत, आठही वाचून होतात. शब्दकोडं पहिल्याच माणसानं पेननं सोडवलं तर त्याला पुढच्या वर्षी शेवटचा नंबर. हा नियम भांडणातून आला आहे.

‘सध्या काय वाचताय’ याची देवघेव फोनवरच्या गटात चालते, पण नुसता मुखपृष्ठाचा फोटो टाकला की खाली आठ अंगठे येतात आणि संपतं. आमच्याकडे रविवारी सकाळी प्रत्येकानं तीनच गोष्टी लिहायच्या : काय वाचतोय, कुठवर आलोय, आणि आपल्यापैकी कुणाला आवडेल व का. तिसऱ्या गोष्टीनं खरी गंमत येते. ‘सुमनताईंना आवडेल, त्यांना वाड्यातली भांडणं आवडतात’ असं कुणी लिहिलं की सुमनताई चिडून का होईना, पुस्तक मागतात. अर्धवट सोडलेलं पुस्तकही सांगा, कुठल्या पानावर कंटाळा आला तेही. कुठवर आलो हे पान क्रमांकानं सांगू नका, प्रकरणानं सांगा. गटात एक जण कागदावर वाचत असतो आणि दुसरा यंत्रावर, त्याच्याकडे पानांऐवजी टक्के दिसतात. मग एकाचं पान ८० म्हणजे दुसऱ्याचं काय, यावरच चर्चा होते. शेवट फोडणाऱ्यानं पुढच्या बैठकीला भेळ आणायची.

यंत्रावर वाचणाऱ्यांना भिशीत जागा आहेच. पुस्तक देता आलं नाही तरी खुणा केलेल्या ओळी देता येतात. किंडल त्या सगळ्या ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवतं. वायरनं संगणकाला जोडलं की सापडते. त्यातल्या चार-पाच ओळी गटात टाका, पुरे. अख्खं पुस्तक पीडीएफ करून मात्र फिरवायचं नाही. छापील प्रत आठ जणांनी वाचणं आणि एका फाइलच्या आठशे प्रती होणं यांत फरक आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघते, कित्येकदा त्याहून कमी. त्यातल्या दोनशे अशा बुडाल्या तर तो प्रकाशक पुढचं पुस्तक काढायला धजावत नाही. आमच्या गटात अशी फाइल आली की मी ती काढायला लावते, कुणी ‘काकू फार कडक’ म्हणो.

महिन्यातून एकदा समोरासमोर भेटा. घर, सोसायटीचं क्लबहाउस, नाहीतर बाग. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी नाहीतर पाचनंतर जा. प्रत्येकाला पाच मिनिटं. बोलता येत नसेल त्यानं पुस्तकाचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचावा. लाजऱ्या मुलांसाठी याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

पावसाळ्याआधी

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे पुस्तकांचा विसर पडतो. जुलैत भिंतीला ओल आली की कसर लागते आणि कडा खाल्लेल्या दिसतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. मागे वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवा, वाण्याकडे मिळतात. कडुनिंबाचा वाळवलेला पालाही चालतो. पुस्तकं इतकी दाबून लावू नका की ओढताना कणा फाटेल. मे महिन्यात एकदा सगळी बाहेर काढून सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात नको, गोंद सुटतो. त्याच दिवशी वही उघडून बघा, कुणाकडे काय राहिलंय ते. पाऊस सुरू झाला की ‘भिजेल म्हणून आणलं नाही’ हे कारण सप्टेंबरपर्यंत पुरतं.